सेंट्रल जर्सीत बर्फ गेल्यावर लॉन आणि बागेचं काय करायचं

तुमचे सगळे प्रश्न एकत्र करून लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मागच्या ऑक्टोबरात तुम्ही सेंट्रल जर्सीत पहिलं घर घेतलंत, पाव एकरचा लॉट आहे, बर्फ वितळल्यावर लॉन पिवळट दिसतंय, मध्ये मध्ये चट्टे आहेत, ड्राइव्हवेच्या कडेचं गवत मेल्यासारखं झालंय, शेजाऱ्यांकडे लॉन सर्व्हिसच्या गाड्या यायला लागल्यात आणि दुकानात खतांची पोती दारातच रचून ठेवलीयत. मग आत्ता खत टाकायचं का, बी टाकायचं का, क्रॅबग्रास ह्या तणाचं औषध कधी, झाडं कुठली छाटायची, भाज्या कधी लावायच्या आणि हिवाळाभर घरात सांभाळलेला कढीपत्ता नि मोगरा बाहेर कधी काढायचा. मी इथे काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसात, म्हणजे शेती-बागकामाचा सल्ला देणाऱ्या केंद्रात, मास्टर गार्डनर म्हणून बरीच वर्षं व्हॉलंटियर करतेय आणि मार्च उजाडला की हेल्पलाइनवर हेच सगळे प्रश्न येतात, त्यातही नव्याने घर घेतलेल्या आपल्या लोकांचे खूप.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, इथलं लॉन वेगळ्या जातीचं आहे. पुण्या-मुंबईत आपण जे लॉन बघितलेलं असतं ते मेक्सिकन कार्पेट किंवा हराळीच्या कुळातलं, उष्ण हवेतलं गवत, पाऊस पडला की फोफावतं. इथे न्यू जर्सीत बहुतेक घरांत केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू आणि पेरेनिअल राय यांचं मिश्रण असतं आणि ही तिन्ही थंड हवेतली गवतं. त्यांचे वाढीचे सीझन दोन, एक एप्रिल ते जूनची सुरुवात आणि दुसरा ऑगस्टचा शेवट ते नोव्हेंबर, मधल्या जुलैच्या उन्हात ती नुसती तग धरतात. आणि ह्या दोनांतला खरा मोठा सीझन म्हणजे फॉल. बी टाकणं, एअरेशन (मातीला भोकं पाडून हवा देणं), मुख्य खत, ही सगळी दणदणीत कामं सप्टेंबरची. स्प्रिंगमध्ये करायची कामं थोडीच आहेत पण ती योग्य वेळी करावी लागतात आणि ती वेळ कॅलेंडर बघून नाही तर मातीचं तापमान बघून ठरते. लोक नेमकं उलटं करतात, पहिला ६० फॅरनहाइटचा शनिवार आला की मार्चमध्येच सगळं एकदम ओतून मोकळे होतात आणि मग जुलैत लॉन जळालं म्हणून फोन करतात.

तर आत्ता, म्हणजे मार्चच्या मध्यात, काय करायचं. खरं सांगायचं तर पहिलं काम म्हणजे लॉनवर चालायचंच नाही, निदान ओलं असताना तरी. मिडलसेक्स, सॉमरसेट ह्या काउंट्यांच्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी लालसर चिकट माती आहे आणि नव्या वसाहतींत तर बिल्डरने वरची चांगली माती काढून नेलेली असते, खाली मशिनं फिरून फिरून घट्ट झालेला थर आणि त्यावर चार बोटं टॉपसॉइल. अशा जमिनीवर ओल्यात चाललात, ढकलगाडी फिरवलीत, की माती दाबली जाते आणि मुळांना हवा मिळत नाही, मग वर्षभर खत घाला काही उपयोग नाही. आपल्याकडचे शेतकरी वाफसा आल्याशिवाय शेतात नांगर घालत नाहीत, इथेही तोच नियम. मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा, बोटाने टोचल्यावर गोळा फुटला तर वाफसा आलाय, नुसता खड्डा पडून चिकटून राहिला तर अजून आठवडाभर थांबा. बागेतल्या वाफ्यांनाही हेच लागू, ओली चिकणमाती कुदळीने उलटीपालटी केली की तिची ढेकळं होतात आणि ती उन्हाळाभर फुटत नाहीत.

माती हाताला चिकटणार नाही इतकी सुकली की हलक्या हाताने दाताळं मारा. हलक्या हाताने म्हणजे लवचिक दात्यांचं पानांचं दाताळं घेऊन, लोखंडी नाही. राहिलेली पानं, काटक्या, फाटके पाइनकोन गोळा होतील आणि चपटं पडलेलं गवत उभं राहील. तेव्हाच नीट बघून घ्या कुठला चट्टा कशाचा आहे, कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा. बर्फाचा ढीग बरेच दिवस होता तिथे गोल, राखाडी-पांढरट, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर तो स्नो मोल्ड, बुरशी आहे, त्याला औषध मारायचं नाही, दाताळ्याने मोकळं करून हवा-ऊन लागू द्यायचं, बहुतेक वेळा आपोआप भरून येतं. बोटभर रुंदीच्या वळणावळणाच्या वाटा दिसल्या तर ते व्होल, म्हणजे शेतातल्या उंदरासारखा प्राणी बर्फाखाली फिरलाय, तिथेही मोकळं करून पायाने हलकं दाबलं की पुरतं. ड्राइव्हवे आणि फुटपाथच्या कडेची पट्टी मेलीय ती मिठाने, बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ. तिथे माती गोठलेली नाही हे बघून दोन-तीन दिवस भरपूर पाणी सोडा म्हणजे मीठ खाली धुऊन जाईल, नंतर लागलं तर तेवढ्याच पट्टीत बी. आणि जिथे गवत गालिच्यासारखं गुंडाळून वर येतंय तिथे हुमणी आहे का बघा.

हुमणीबद्दल जरा सविस्तर, कारण ही कीड अमेरिकेत पहिल्यांदा सापडली तीच आपल्या न्यू जर्सीत, १९१६ साली रिव्हर्टनजवळच्या एका नर्सरीत. जॅपनीज बीटल. त्याची अळी म्हणजे तीच पांढरी, इंग्रजी सीच्या आकाराची हुमणी. हिवाळ्यात खोल जाते, मार्च-एप्रिलमध्ये वर येऊन थोडं खाते आणि मे-जूनमध्ये कोष करते. फूटभर लांब-रुंद तुकडा फावड्याने उचलून बघा, चार-पाच अळ्या निघाल्या तर काही करू नका, निरोगी लॉन तेवढं सहन करतं. दहाच्या वर असतील, किंवा रात्री स्कंक आणि रॅकून येऊन लॉन उकरून ठेवत असतील तर विचार करावा लागेल. पण एप्रिलमध्ये मोठ्या झालेल्या अळीवर औषध टाकणं म्हणजे पैसे वाया, ती इतकी जाड झालेली असते की नीट मरत नाही आणि तसंही खाणं थांबवायच्या बेतात असते. पुढच्या पिढीसाठी क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल असलेलं औषध मेच्या आसपास टाकून पाणी द्यायचं, ते मातीत हळूहळू मुरतं म्हणून लवकर टाकावं लागतं, मधमाश्यांनाही त्याचा त्रास फारच कमी. पण अळ्या मोजल्याशिवाय दरवर्षी टाकत बसू नका प्लीज.

आता माती परीक्षण. हे एक काम मी हात जोडून सांगते कारण लोक शेकडो डॉलरची पोती घेतात आणि माती तपासायला मात्र टाळाटाळ करतात. रटगर्स युनिव्हर्सिटीची सॉइल टेस्टिंग लॅब आहे, काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसात माहिती आणि किट मिळतं. लॉनमध्ये दहा-बारा ठिकाणांहून चार ते सहा इंच खोलीपर्यंतची माती घ्या, वरचं गवत-काडीकचरा काढून टाका, एका स्वच्छ प्लास्टिकच्या बादलीत मिसळा आणि त्यातली थोडी पाठवा. पुढच्या आणि मागच्या अंगणाची माती वेगळी वाटत असेल तर दोन नमुने, भाजीच्या वाफ्याचा तिसरा. रिपोर्टमध्ये पीएच, फॉस्फरस, पोटॅश सगळं येतं आणि तुमच्या लॉनला किती चुना लागेल तेही. आपल्या भागात माती बऱ्याचदा आंबट असते, लॉनला साधारण ६ ते ७ च्या मधला पीएच आवडतो, तो ५.५ असेल तर टाकलेलं खत गवताला धड मिळतच नाही. पण शेजारी दरवर्षी चुना टाकतो म्हणून आपणही टाकायचा असं करू नका, पीएच आधीच ६.८ असेल तर आणखी चुन्याने लोह अडकतं आणि गवत पिवळं पडतं. एप्रिलमध्ये लॅबला गर्दी होते, मार्चमध्येच पाठवून द्या.

खतावर येते. न्यू जर्सीत २०११ साली खताचा कायदा झाला, देशातल्या सगळ्यात कडक कायद्यांपैकी एक, कारण लॉनचं नत्र आणि फॉस्फरस पावसाने वाहून ओढे, तळी आणि बार्नेगॅट बेसारख्या खाड्यांमध्ये जातं, तिथे शेवाळ माजतं आणि मासे मरतात. घरमालकांनी १५ नोव्हेंबर ते १ मार्च ह्या काळात नत्र-फॉस्फरसचं खत टाकायचंच नाही. एका वेळी १००० स्क्वेअर फुटांना जास्तीत जास्त ०.९ पाउंड नत्र, त्यातलं लगेच विरघळणारं ०.७ च्या वर नको, आणि वर्षभरात मिळून ३.२ पाउंड. फॉस्फरस टाकायचा तर माती परीक्षणात कमी आलेला हवा किंवा नवीन लॉन लावत वा जुनं दुरुस्त करत असाल तरच, म्हणून दुकानातल्या पोत्यांवरच्या तीन आकड्यांत (नत्र, फॉस्फरस, पोटॅश) मधला आकडा शून्य दिसतो. गोठलेल्या जमिनीवर नाही, जोराचा पाऊस येणार असेल तेव्हा नाही, ड्राइव्हवेवर सांडलं तर झाडून परत लॉनवर. मागे ओढा किंवा तळं असेल तर २५ फूट अंतर सोडायचं, ड्रॉप स्प्रेडर (खत सरळ खाली सोडणारी गाडी) वापरला तर १० फूट.

कायद्याने १ मार्चनंतर परवानगी आहे म्हणजे २ मार्चला टाकायलाच हवं असं नाही. लवकर दिलेलं नत्र सगळं पात्यांत जातं, गवत हिरवंगार होतं, आठवड्यातून दोनदा कापावं लागतं, मुळं मात्र वरच राहतात आणि जून-जुलैच्या दमट गरमीत टॉल फेस्क्यूवर ब्राउन पॅच बुरशी धरते. फॉलमध्ये आधीच्या मालकाने खत दिलेलं असेल तर त्याचं साठवलेलं बळ मेपर्यंत पुरतं. म्हणून माझं सांगणं, पहिली जोमाची वाढ होऊन जाऊ द्या, मेच्या मध्याला-शेवटाला गवत फिकट वाटलं तर हळू सुटणारं खत थोडं द्या, नाहीतर सरळ सप्टेंबरपर्यंत थांबा. आणि हो, द्यायच्या आधी लॉन मोजा. पाव एकर म्हणजे १०,८९० स्क्वेअर फूट, पण त्यातून घर, ड्राइव्हवे, पॅटिओ, झाडांचे वाफे वजा केले की प्रत्यक्ष गवत पाच-सहा हजारच निघतं आणि लोक दहा हजारांचं पोतं आणून संपवतात. पहिला आकडा २० असलेल्या १० पाउंडांच्या पोत्यात नत्र २ पाउंड असतं, हा हिशोब एकदा जमला की कुठल्याही कंपनीचं पोतं असो तुम्ही फसणार नाही. लॉन सर्व्हिस लावणारच असाल तर त्यांना विचारा की खत टाकणाऱ्या माणसाकडे न्यू जर्सीचं फर्टिलायझर ॲप्लिकेटर सर्टिफिकेट आहे का, ते व्यावसायिकांना बंधनकारक आहे, आणि माझ्या लॉनवर नेमकं काय नि किती टाकणार ते लिहून द्या म्हणून सांगा.

क्रॅबग्रास. हे एकवर्षायू तण आहे, थंडीत मरतं पण बी सोडून जातं, आणि ते बी मातीच्या वरच्या थराचं तापमान सलग काही दिवस ५५ फॅरनहाइटच्या आसपास राहिलं की उगवायला लागतं. प्री-इमर्जंट औषध उगवण्याच्या आधी मातीत असायला हवं, फार आधी टाकलं तर उन्हाळ्यात त्याचा जोर संपतो, उशिरा टाकलं तर बी उगवून बसलेलं असतं. मग वेळ कशी ओळखायची, तर फोर्सिथिया बघा. पानं यायच्या आधी पिवळ्याधमक फुलांनी भरून जाणारं झुडूप, प्रत्येक गल्लीत एखादं तरी असतंच. ते पूर्ण फुलल्यापासून फुलं गळायला लागेपर्यंतचा काळ तुमचा, सेंट्रल जर्सीत साधारण एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो पण वर्षागणिक मागेपुढे होतो. झुडपावर भरवसा नसेल तर साधा मातीचा थर्मामीटर घ्या, दोन इंच खोल खुपसून सकाळी बघत जा, ५० लागला की पोतं आणून ठेवा. फुटपाथ आणि ड्राइव्हवेच्या कडेची माती सिमेंटमुळे लवकर तापते, क्रॅबग्रास नेहमी तिथूनच सुरू होतं, तेव्हा औषध कमी असेल तर आधी कडा आणि दक्षिणेकडचा उतार.

ह्या औषधांपैकी प्रोडायामिन जास्त दिवस टिकतं. डायथायोपायर अगदी कोवळं उगवलेलं क्रॅबग्रासही मारतं, म्हणून आठवडाभर उशीर झाला असेल तर ते बरं. कुठलंही टाका, पोत्यावर लिहिलंय तेवढंच, आणि नंतर अर्धा इंच पाणी किंवा पाऊस मिळायला हवा, नाहीतर दाणे वरच पडून राहतात. टाकल्यावर लॉन खरवडायचं नाही कारण मातीतला औषधाचा थर तुटतो, म्हणून दाताळ्याचं काम त्याच्या आधी. खत मिसळलेली पोती दुकानात जास्त दिसतात, शक्यतो खताशिवायचं किंवा कमी नत्राचं शोधा.

आता तुमचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, बी आणि क्रॅबग्रासचं औषध दोन्ही एकदम टाकू का. नाही. हे औषध क्रॅबग्रासचं बी ओळखून मारत नाही, ते कुठल्याही उगवणाऱ्या बियाची मुळं वाढू देत नाही, तुमच्या महागड्या केंटकी ब्लूग्रासचीही. टाकल्यानंतर तीन-चार महिने बी टाकता येत नाही. तेव्हा निवड करायची. लॉनचा बहुतेक भाग ठीकठाक आहे आणि थोडे चट्टे आहेत, जसं तुमच्या वर्णनावरून वाटतंय, तर स्प्रिंगमध्ये औषध टाका आणि बी ऑगस्टच्या शेवटी ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत टाका, तेव्हा माती गरम, रात्री थंड, तण कमी, त्यासारखी वेळ नाही. अर्ध्याहून जास्त लॉन उघडं असेल, पावसाने माती वाहून जात असेल, तर मग बी टाकावंच लागेल, तिथे मेसोट्रायॉन हे एक औषध आहे जे ह्या तिन्ही गवतांच्या बीसोबत चालतं, लेबल नीट वाचून वापरा. स्प्रिंगमध्ये लावलेल्या गवताची मुळं उन्हाळा यायच्या आत खोल जात नाहीत, त्यामुळे जुलै-ऑगस्टभर पाणी द्यायची तयारी हवी. राय आठवड्याभरात उगवतो, फेस्क्यू दोन आठवड्यांत, ब्लूग्रासला तीन-चार आठवडेही लागतात, तोपर्यंत वरचा थर दिवसातून दोनदा हलका ओला ठेवायचा. हे जमणार नसेल तर बी वाया जाईल.

डँडेलियनची पिवळी फुलं आली की लोक घाबरून फवारायला निघतात. त्यावर तणनाशक फॉलमध्ये सगळ्यात चांगलं लागू पडतं कारण तेव्हा झाड अन्न मुळाकडे पाठवत असतं, औषधही सोबत खाली जातं. स्प्रिंगमध्ये पाऊस पडून गेल्यावर लांब खुरप्याने मुळासकट उपटा, मुलांना कामाला लावा, पाच-पन्नास झाडांसाठी औषध कशाला. मॉस, म्हणजे शेवाळासारखा हिरवा थर, असेल तर ती जागा सावलीची, ओली, आंबट आणि दाबलेली आहे इतकाच त्याचा अर्थ, मॉस मारून गवत येत नाही, तिथे सरळ सावलीतली झाडं लावा.

मोअरचं पटकन सांगते. पातं धार लावून घ्या, बोथट पात्याने गवत कापलं जात नाही फाटतं आणि टोकं पांढरी पडतात. मागच्या वर्षीचं पेट्रोल टाकीत राहिलं असेल तर काढा, ऑइल, स्पार्क प्लग, एअर फिल्टर बदला, एप्रिलमध्ये दुरुस्तीच्या दुकानात दोन-दोन आठवड्यांची रांग असते. उंची ३ ते ३.५ इंच ठेवा, पहिल्या कापणीलाही. इथे बरेच जण स्प्रिंगला एकदम बारीक कापतात, त्याने मातीवर ऊन पडतं आणि क्रॅबग्रासला आयतं आमंत्रण मिळतं. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका, कापलेलं गवत तिथेच राहू द्या, त्यातून नत्र परत मातीत जातं. स्प्रिंकलर एप्रिलच्या शेवटापर्यंत सुरू करायची गरज नाही, स्प्रिंगमध्ये इथे पाऊस भरपूर असतो, आणि सुरू करताना मेन व्हॉल्व्ह अगदी हळूहळू उघडा, एकदम उघडला तर पाण्याच्या दणक्याने पाइप आणि हेड फुटतात.

बागेतल्या झाडांची छाटणी हा नव्या लोकांचा सगळ्यात मोठा घोटाळा. नियम सोपा आहे. जे झुडूप स्प्रिंगमध्ये फुलतं, म्हणजे फोर्सिथिया, लायलॅक, अझेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन, त्याच्या कळ्या मागच्या उन्हाळ्यातच तयार झालेल्या असतात, आत्ता कापलंत की फुलं कचऱ्यात, ती फुलून गेल्यावरच छाटायची. हायड्रेंजियात दोन प्रकार, मोठ्या पानांची निळी-गुलाबी गोल फुलांची असेल तर हात लावू नका, वाळक्या काडीलाही मेपर्यंत थांबा आणि कोंब कुठून फुटतो ते बघून वरचा मेलेला भाग काढा. पांढऱ्या शंकूसारख्या फुलांची पॅनिक्युलाटा किंवा पांढऱ्या गोल फुलांची ॲनाबेल असेल तर मार्चमध्ये बिनधास्त छाटा, ती नवीन फांदीवर फुलते. गुलाब छाटायचा तो फोर्सिथिया फुलला की, बाहेरच्या दिशेला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडं वर, तिरका काप. शोभेची उंच गवतं दोरीने घट्ट बांधून जमिनीपासून चार-सहा इंचांवर कापा, आतून हिरवे कोंब वर यायच्या आत. वाळलेल्या फुलझाडांचे दांडे मात्र सगळे साफ करू नका, आपल्या भागातल्या कितीतरी एकट्या राहणाऱ्या मधमाश्या त्या पोकळ दांड्यांत घरटी करतात, फूट-दीड फूट उंचीचे खुंट ठेवा, नवीन पालवी आली की दिसतही नाहीत. वाफ्यातली पानंही दिवसा सलग ५० फॅरनहाइट व्हायला लागेपर्यंत राहू द्या.

साफसफाई करताना झाडाच्या खोडांवर, कुंपणावर, ग्रिलच्या कव्हरखाली राखाडी, वाळलेल्या चिखलाच्या पोपड्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर ती स्पॉटेड लँटर्नफ्लायची अंडी. २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा सापडली आणि २०१८ पासून न्यू जर्सीतही आहे. एप्रिलच्या शेवटाला-मेमध्ये अंडी फुटायला लागतात, त्याआधी जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडून सॅनिटायझर भरलेल्या झिपच्या पिशवीत टाका. आणि गोचिडी. इथली काळ्या पायांची गोचीड लाइम रोग पसरवते आणि ती ४० फॅरनहाइटच्या वर गेलं की मार्चमध्येही फिरते, पानांच्या ढिगात काम करताना पँट मोज्यात खोचा, आत आल्यावर कपडे सरळ ड्रायरमध्ये आणि गुडघ्यामागे, काखेत, केसांत मुलांना नीट तपासा. ह्यात हयगय नको.

मल्च, म्हणजे वाफ्यांवर पसरायचं लाकडाच्या सालीचं आच्छादन, एप्रिलच्या शेवटी, माती गरम झाल्यावर. दोन-तीन इंचांचा थर पुरे. तुमच्या कॉलनीत झाडांच्या बुंध्याशी मल्चचे डोंगर रचलेले दिसतील, ते बघून तसं करू नका, खोड सतत ओलं राहतं, साल कुजते, मुळं वर येऊन खोडालाच गुंडाळतात आणि दहा-बारा वर्षांनी झाड मरतं तेव्हा कारण कुणाला कळत नाही. बुंधा जिथे पसरून जमिनीत शिरतो तो भाग उघडा दिसला पाहिजे. नवीन झाडं लावायला किंवा कुंपणाला खड्डा खणायचा असेल तर किमान ३ कामाचे दिवस आधी ८११ ला फोन करा, फुकट आहे, गॅस-वीज-केबलच्या लाइनींवर खुणा करून जातात.

भाज्यांचं. पाडवा झाला की आपल्याला वाटतं वसंत आला, पण इथे शेवटचं दहिवर (फ्रॉस्ट) एप्रिलच्या शेवटापर्यंत आणि कधीकधी मेमध्येही पडतं. त्यामुळे दोन याद्या करा डोक्यात. थंडी सोसणाऱ्या म्हणजे मटार, पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात, ह्या मार्चच्या शेवटापासून वाफसा आला की सरळ वाफ्यात पेरा, मेथी-कोथिंबिरीला तर हाच काळ सोन्याचा, जूनमध्ये पेरलीत तर उन्हाने लगेच फुलावर जाते. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, कारलं, दोडका, घेवडा, अळूचे कंद हे सगळे मेच्या मध्यानंतर बाहेर. मिरची-वांग्याचं बी घरात दिव्याखाली आत्ताच टाका, त्यांना आठ-दहा आठवडे लागतात, टोमॅटोला सहा-आठ. कारली-दोडका घरात लावायचे तर एप्रिलच्या शेवटाला, त्याआधी नको, वेल लांबून गुंतागुंत होते आणि मुळं दुखावलेली त्यांना चालत नाहीत. हरणं येत असतील तर कुंपण आधी आणि रोपं नंतर.

आणि कढीपत्ता, मोगरा, तुळस. रात्रीचं तापमान सलग ५० फॅरनहाइटच्या वर राहायला लागलं की बाहेर, म्हणजे आपल्याकडे साधारण मेचा मध्य. एकदम उन्हात ठेवलंत तर घरातली कोवळी पानं एका दुपारीत पांढरी पडून जळतात, पहिले चार-पाच दिवस सावलीत एक-दोन तास, मग सकाळचं ऊन, मग हळूहळू पूर्ण, दहा-बारा दिवस धरा. बाहेर काढायच्या आधी पानांची मागची बाजू बघा, हिवाळ्यात घरातल्या कोरड्या हवेत कढीपत्त्यावर स्केल (खवले कीड) आणि कोळी कीड हमखास येतात, चिकट वाटलं की साबणाच्या पाण्याने पानं आणि देठ पुसून दोन-तीनदा धुवा. मार्चच्या शेवटाला, दिवस मोठा झाल्यावर, कढीपत्त्याचे शेंडे खुडा म्हणजे बाजूने फांद्या फुटतील, मुळं कुंडीच्या भोकातून बाहेर आली असतील तरच एक माप मोठी कुंडी द्या, एकदम मोठ्यात लावलं की माती ओली राहून मुळकुज होते. नवीन पालवी दिसेपर्यंत खत नाही. पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय, चिलेटेड आयर्न द्या, ताक घालायचं असेल तर बाहेर गेल्यावर, घरातल्या कुंडीत त्याने चिलटं होतात. मोगरा नवीन फुटीवर फुलतो, त्याला एक तृतीयांश छाटा आणि उन्हाच्या खिडकीत हलवा. फ्लोरिडातल्या नातेवाइकांकडून किंवा भारतातून कढीपत्त्याचं रोप आणायचा विचार असेल तर थांबा, त्यावर लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड येते म्हणून त्या रोपांच्या वाहतुकीवर निर्बंध आहेत, इथल्याच परवानाधारक नर्सरीतून घ्या. माती परीक्षणाचा रिपोर्ट आला की आकडे इथे टाका, चुना किती आणि कधी टाकायचा ते मी बघून सांगते.